अकुशल कोण?

(ओतूर, ता. जुन्नर येथील कार्यकर्त्यांनी कोरडवाहू कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आम्ही ओतूरहून आलो आहोत. कोकणातून माळशेज घाट चढून देशावर आले, की कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर आमचे गाव लागते. गावाची ओळख दोन गोष्टींनी. एक कपर्दिकेश्वराची श्रावणातली जत्रा आणि दुसरा कांद्याचा बाजार. तुम्ही कापूस आणि ज्वारीवाले. पावसाने एक महिना दडी मारली की तुमचे वर्ष जाते. मग या बागायतदारांनी इतक्या लांब येऊन आपल्याला काय सांगायचे, असा प्रश्न तुमच्यातल्या काही चेहऱ्यांवर आम्हाला इथूनच दिसतो आहे.

प्रश्न रास्त आहे. तेव्हा पहिल्यांदा हे सांगून टाकतो, की अमुक पीक घ्या आणि तमुक खत टाका असे सांगायला आम्ही आलेलो नाही. असा सल्ला देणाऱ्यांची देशात टंचाई नाही. सरकारने त्यासाठी खातेच उघडून ठेवले आहे. आमच्याकडे पाणी आले ते कुकडी प्रकल्पाने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातले डिंभे अशी पाच धरणे झाली. तुमच्याकडे तसे काही झाले नाही. पाण्याची कसर हुशारीने भरून निघते असे जो सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. निघत नाही.

आम्ही बोलणार आहोत एका शब्दाबद्दल. तो शब्द तुमच्याही कपाळावर मारलेला आहे आणि आमच्याही. तो शब्द म्हणजे 'अकुशल'.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे सुरू झाली, १९७७ साली त्याचा कायदा झाला. खडी फोडली, नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले. त्या कामांनी माणसे जगली, हे नाकारायचे कारण नाही. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी कायदा केला. त्या कायद्याने काम देऊ केले ते 'अकुशल अंगमेहनतीचे'. मस्टरवर नाव लागले ते याच सदराखाली. आता मस्टरवरचा हा अकुशल माणूस कोण होता ते पाहा. मृगाचा पाऊस पडल्यावर ढेकूळ हातात घेऊन, बोटांनी चुरून, वाफसा आला की नाही हे सांगणारा तोच. तिफणीमागे चालताना चाड्यावर मूठ धरून, तिन्ही नळ्यांतून सारखे बी जाईल असा हात चालवणारा किंवा चालवणारी तीच. मूठ थोडी सैल सुटली तर दाटी होते, आवळली तर नांग्या पडतात. बैल चालतो आहे, जमीन वरखाली आहे, आणि बी मात्र सारख्या खोलीवर, सारख्या अंतरावर पडते. कारखान्यात हेच काम करायला यंत्र बसवले तर त्या यंत्राला 'अचूक' म्हणतात, ते चालवणाऱ्याला 'कुशल' म्हणतात आणि त्याच्यावर देखरेख करणाऱ्याला 'साहेब'. आमच्या ओतूरला श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी उभ्या करतात. लांबून लोक बघायला येतात आणि करणाऱ्याच्या हाताला नमस्कार करतात. तोच हात मंगळवारी शेतात गेला की अकुशल!

हा निव्वळ मानापमानाचा मुद्दा असता तर आम्ही एवढा प्रवास केला नसता. या शब्दाची किंमत आपण दर क्विंटलला मोजतो आहोत.

कृषी मूल्य आयोग तुमच्या कापसाचा उत्पादनखर्च काढतो. बियाणे, खत, औषध, मजुरी हा रोखीचा खर्च, अधिक घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत. याला आयोगाच्या भाषेत 'ए-२ अधिक एफएल' म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हा खर्च क्विंटलला ५,१४० रुपये धरला. त्याची दीडपट केली आणि हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. संकरित ज्वारीचा खर्च २,४६६ धरला आणि भाव ३,६९९ रुपये. गणित अगदी तंतोतंत. पण घरच्या श्रमाची किंमत धरली कशी? शेतमजुराच्या रोजाच्या हिशेबाने. म्हणजे घरधनी आणि घरधनीण शेतात किती दिवस वाकली याचा पैसा धरला. पेरणी कधी करायची, दुबार पेरणीचा धोका पत्करायचा की आठ दिवस थांबायचे, कोणते वाण घ्यायचे, उधारी कोणाकडून आणायची, कापूस घरात ठेवायचा की विकायचा, हे सगळे ठरवले कोणी? त्याची किंमत या दीडपटीच्या गणितात कुठेही नाही.

कोणी म्हणेल की असे कुठे धरतात का? धरतात. कार तयार झाली की तिच्या किमतीत पत्रा, रबर आणि मजुरी एवढेच नसते. व्यवस्थापकाचा पगार त्यात असतो, आराखडे काढणाऱ्या इंजिनीयरचा असतो आणि जाहिरात लिहिणाऱ्याचाही असतो. शेतीतही धरावे असे सरकारच्याच तज्ज्ञ समितीने १९९० साली सांगितले आहे. एकूण उत्पादनखर्चावर व्यवस्थापनाचा मोबदला म्हणून १० टक्के वाढवावेत अशी ती शिफारस. त्या खर्चाला 'सी-३' असे नावही मिळाले. नाव मिळाले, भाव मात्र त्यावर ठरत नाही. संघटनेने आजवर घामाचे दाम मागितले. ते अजून पुरते पदरात पडलेले नाहीत, तोवर आणखी मागणी कशाला, असे काही जण म्हणतील. आमचे म्हणणे असे, की दोन्ही मागण्या एकच आहेत. घामाचे दाम मागायचे तर घामाबरोबर डोके चालले आहे हेही मोजावे लागेल.

इथवर टाळ्या मिळतात. आता टाळ्या न मिळणारी गोष्ट सांगतो.

आपण कुशल आहोत हे खरे. पण ज्या कामात आपण कुशल आहोत ते काम आपल्या पायाखालून सरकते आहे. तुमच्या आज्ज्यांना ज्वारीचे कणीस पाहून बियाण्याला कोणते ठेवायचे हे कळत होते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी दर वर्षी घरचे बी धरून घरोघर टिकली ती त्या नजरेवर. कापसात ती नजर आता कुठे वापरणार? २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणे पाकिटातून आले आणि दर वर्षी येते. तंत्रज्ञान घेण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असलेच पाहिजे. त्याबद्दल आमच्या मनात संशय नाही. पण पाकीट आले तेव्हा आज्जीची नजर निकामी झाली आणि तिच्या जागी दुसरी नजर लागली. पाकिटावरचे बारीक अक्षर वाचण्याची, पावती जपून ठेवण्याची आणि उगवण कमी झाली तर तक्रार कोणत्या नमुन्यात, किती दिवसांत करायची हे माहीत असण्याची. ही नजर कोणी शिकवली? कोणी नाही. दुकानदार तर शिकवणार नाहीच.

तलाठ्याचेही तसेच. सात-बारावर पीक कोणते ते पूर्वी तलाठी लिहीत असे. बांधावर न येता लिहीत असे हा भाग वेगळा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून मोबाईलमधून फोटोसह आपल्या पिकाची नोंद स्वतः करायची. नोंद राहिली तर पुढे अनुदानाला आणि खरेदीला अडते. पीकविम्यात गारपीट किंवा पुराने नुकसान झाले तर ७२ तासांच्या आत कळवावे लागे. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर आधी नोंदणी सक्तीची केली. तलाठ्याचे काम तुमच्या डोक्यावर आले, ग्रेडरच्या कारकुनाचे आले, विमा कंपनीच्या माणसाचे आले. त्यांचा पगार तेवढा आला नाही.

ॲपला शिव्या घालून आपण मोकळे होऊ शकतो. रेंज नसते, ओटीपी येत नाही, सगळे खरे. पण लक्षात घ्या, की ज्याच्या घरात हे करणारे कोणी आहे त्याचा कापूस महामंडळाच्या केंद्रावर जातो, आणि ज्याच्या घरात नाही त्याचा खेडा खरेदीवाल्याच्या टेम्पोत जातो. दोघांनी सारखाच घाम गाळलेला असतो.

आमच्या कांद्यातले थोडे

काम बदलते तेव्हा नवे कसब कसे येते, याचा आम्हाला जो अनुभव आला तो कांद्यात आला. म्हणून तेवढेच सांगतो.

पूर्वी कांदा काढला की पिशव्या भरायच्या आणि बाजारात न्यायच्या. मिळेल तो भाव. ओतूरच्या बाजारात आज कांद्याचे भाव दहा किलोला निघतात, आणि ते एका कांद्याचे निघत नाहीत. गोळा वेगळा, सुपर वेगळा, गोल्टा वेगळा, बदला वेगळा. एकाच वाफ्यातून निघालेल्या कांद्याचे चार भाव. ज्याने घरी निवड करून वक्कल नीट लावले त्याचा गोळा गोळ्याच्या भावाने गेला. ज्याने वर चांगले आणि खाली बदला भरले त्याची पिशवी ओतली गेली, आणि पुढची दोन वर्षे व्यापारी त्याच्या वक्कलावर बोली लावताना हात आखडता घेतो. निवड हे बायकांचे बसल्या जागेचे काम समजले जाई. आज आमच्याकडे भाव ठरतो तो त्या बसल्या जागेवर.

साठवणुकीचेही असेच. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने टिकवायचा, तर काम चाळीपासून सुरू होत नाही, शेतापासून होते. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचे. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढायचा. पातीने झाकून शेतातच वाळवायचा, मग सावलीत. मान पार छाटायची नाही, बोटाच्या पेराएवढी ठेवायची. उघडी मान म्हणजे सडीला दार. चाळीला खालून वारा पाहिजे. यातले काही आमच्या वाडवडिलांना ठाऊक होते, काही राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राने सांगितले, आणि बरेचसे सडलेल्या कांद्याने शिकवले. फरक पडला तो लिहून ठेवणाऱ्याला. कोणत्या तारखेला पाणी तोडले, चाळीत किती भरले, किती निघाले, घट किती. ज्याच्या वहीत हे आहे, तो भाव पडल्यावर विकायचे की थांबायचे याचा निर्णय घेतो. ज्याच्याकडे वही नाही तो शेजाऱ्याकडे बघतो.

आणि मजुरांचे सांगायलाच पाहिजे, कारण या बाबतीत मजूर शेतकऱ्याच्या पुढे गेला. आमच्या भागात कांदा लागवडीच्या टोळ्या आहेत. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातल्या बायामाणसांनी लागवडीत हात बसवला, आणि हात बसला तशी त्यांनी रोजंदारी सोडली. त्या एकराचे उक्ते ठरवतात. किती वाजता यायचे, किती जणी लागतील, किती दिवसांत उरकेल, हे तेच ठरवतात. नारायणगावकडे द्राक्षबागेच्या छाटणीला आणि टोमॅटोच्या बांधणीला हेच झाले. शेतकरी कुरकुरतात की मजूर माजले. आम्ही म्हणतो, ते माजले नाहीत. त्यांनी आपल्या कसबाची किंमत करायला सुरुवात केली. आपण व्यापाऱ्यापुढे जे करायचे ते त्यांनी आपल्यापुढे केले. मजूर अकुशल आहे असे म्हणणाऱ्या शेतकऱ्याला सरकारने अकुशल म्हटले तर त्याने तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

हे ऐकून कोणाला वाटेल, की कसब आले की झाले. तसे नाही, आणि हेही आमच्या कांद्यानेच दाखवले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ ला निर्यात बंदच केली. ती उठली मे २०२४ मध्ये. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडले. दिल्लीत एक अधिसूचना निघाली आणि बाजारात भाव कोसळले. गोळ्याचेही आणि गोल्टीचेही. आमची निवड, आमची चाळ आणि आमची वही सगळी त्या कागदाखाली गेली. कसबाला बाजार मोकळा नसेल तर ते कसब पिंजऱ्यातल्या पोपटाचे. तुमच्याकडे १९७२ पासून तीस वर्षे कापूस एकाधिकार खरेदी होती. माल एकालाच घालायचा आणि प्रतवारी त्याचाच ग्रेडर ठरवणार, तर शेतकऱ्याने कापसाची प्रत ओळखायला शिकायचे कशाला? त्या योजनेने तुमचे पैसे किती बुडवले याचा हिशेब संघटनेने वेळोवेळी मांडला आहे. तिने तुमची नजरही बुडवली, हा हिशेब कोणी मांडला नाही.

आता कापसाकडे

कापूस तुम्ही पिकवता, आम्ही नाही. त्यामुळे इथे आम्ही सांगतो ते तुमच्याच कार्यकर्त्यांकडून ऐकलेले आणि कागदावर तपासून घेतलेले. चुकले तर थांबवा.

हमीभावाच्या खरेदीत कापसाची ओल आठ टक्के धरलेली असते. त्यावर बारा टक्क्यांपर्यंत कापूस घेतात, पण जादा ओलीच्या प्रमाणात भाव कापतात. बाराच्या वर गाडी परत. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये. एक टक्का जादा ओल म्हणजे क्विंटलला साधारण ८१ रुपये कमी. बारा टक्के निघाली तर सव्वातीनशे रुपये गेले. वीस क्विंटलवर साडेसहा हजार. केंद्रावरचे मीटर किती दाखवते ते तुम्हाला तिथे गेल्यावर, गाडीचे भाडे भरून झाल्यावर कळते. मग तुमच्या हातात उरते ती विनवणी. ओल मोजण्याचे यंत्र काही केवळ सरकारी मालकीचे नाही. ते बाजारात मिळते, आणि चार-पाच गावांनी मिळून घेतले तर कोणाला जड जाणार नाही. घरून निघताना ज्याच्या चिठ्ठीवर साडेनऊ लिहिले आहे, तो केंद्रावर अकरा निघाले तर 'दुसऱ्या जागेचा कापूस घेऊन पुन्हा मोजा' असे म्हणू शकतो. चिठ्ठी नसलेला काय म्हणणार?

वेचणीचे पाहा. वेचणी किलोवर. बाई जितके वजन आणेल तितके पैसे. मग ती सकाळच्या दवात वेचते, कारण ओला कापूस जड भरतो. पाला येतो, कवडी येते, प्लास्टिकच्या गोणीचा धागा येतो, कारण स्वच्छ वेचले तर तिला एक पैसाही जास्त मिळत नाही, उलट वजन कमी होते. तिला दोष देऊन उपयोग नाही. आपण तिला वजनाचे पैसे देतो, ती वजन देते. दव उठल्यावर वेचलेला, कवडी वेगळी काढलेला, कापडी झोळीत आणलेला कापूस वेगळा ठेवून वेगळा विकता आला, तर वेचणाऱ्या बाईला किलोमागे काही जादा देता येईल आणि मालकालाही उरेल. मात्र जिनिंगवाला सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात ओतणार असेल तर हे एका घराने करून भागत नाही. गावाने करावे लागते.

मायबहिणींना एक गोष्ट वेगळी सांगतो. कारखान्यात कामगाराचे वेतन अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्यांनी ठरते. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून ही रीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती आहे, वर 'अतिकुशल' ही आणखी एक पायरी. शेतात पायऱ्या दोनच. बाई आणि बाप्या. सरकीची टोकण बाईने केली, निंदणी बाईने केली, वेचणी बाईने केली. औत बाप्याने धरले म्हणून त्याचा रोज जास्त, आणि आता औतही ट्रॅक्टरला लागले. १९८६ साली चांदवडला लाखांनी जमलेल्या शेतकरी बायांनी आपल्या कामाची किंमत विचारली होती. त्याचे उत्तर अजून दिलेले नाही. हे उत्तर दिल्लीने द्यायचे नाही. ते तुमच्या-आमच्या ओट्यावर द्यायचे आहे.

आता फवारणी. यावर जरा थांबतो.

२०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. शेकडो माणसे दवाखान्यात पडली. कापूस डोक्याएवढा वाढलेला, हवा कोंदट, दोन-तीन औषधे एकत्र केलेली, पंपाचा जोर मोठा. नंतर सगळ्यांनी सांगितले की शेतकऱ्याने हातमोजे घातले नाहीत, मुखवटा घातला नाही. ऐकताना वाटावे की माणसे निष्काळजीपणाने मेली. कारखान्यात विषारी रसायन हाताळायचे असते तेव्हा आधी कामगाराला शिकवतात, साधने देतात, आणि अपघात झाला तर मालकाला जाब विचारतात. इथे ते काम रोजाने लावलेल्या 'अकुशल' मजुराचे. शिकवले कोणी नाही, कारण अकुशल कामाला शिकवायचे काय! या एका शब्दाने तिथे माणसे मारली, असे आम्ही म्हणतो, आणि हा शब्द आम्ही मागे घेणार नाही.

डब्यावरचा त्रिकोण प्रत्येक घरातल्या शाळकरी पोराला पाठ असला पाहिजे. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. दोन औषधे कोणाच्या सांगण्यावरून मिसळायची नाहीत. फवारायचे की नाही हे दुकानात ठरत नाही, शेतात ठरते. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावले आणि लागोपाठ तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ पतंग सापडले तर फवारणीची वेळ आली, असे शास्त्रज्ञ सांगतात. किंवा शंभर हिरवी बोंडे तोडून फोडून पाहिली आणि दहांत अळी निघाली तर. हे मोजायला पदवी लागत नाही. दहावी नापास पोरगा मोजू शकतो, आणि गावातली सगळी शेते मोजून तो रोज फळ्यावर आकडा लिहू लागला तर त्याला गावाने पैसे द्यावेत. तेही कुशल कामच.

पोरांचे काय

शेवटी पोरांविषयी. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या मनात हाच प्रश्न आहे हे आम्हाला माहीत आहे.

चाकण आमच्यापासून फार लांब नाही. १९८० साली तिथे कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-नाशिक रस्ता अडवला. शेजारच्या आंबेठाणला शरद जोशींनी कोरडवाहू जमीन घेतली, आपल्या शेताचा पै-पैचा हिशेब वहीत मांडला, आणि त्या हिशेबातून संघटना उभी राहिली. त्याच चाकणच्या परिसरात आज बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशा गाड्यांचे कारखाने आहेत. तुमच्या जिल्ह्यातली पोरे तिथे येतात, आमचीही जातात. शेती परवडत नाही म्हणून निघालेला पोरगा ठेकेदाराच्या हाताखाली लागतो. काही महिन्यांनी ठेकेदार बदलतो, पोरगा पुन्हा फाटकावर. बापाच्या कपाळावरचा शब्द पोराच्या ओळखपत्रावर येतो. तिथे सुटे भाग जोडायला आणि डाग द्यायला यंत्रमानव आले आहेत. ताकदीला गिऱ्हाईक कमी होते आहे. विचारतात ते हे, की नकाशा वाचता येतो का, मापे घेता येतात का, यंत्र बंद पडले तर कशाने पडले ते लिहून देता येईल का.

आयटीआयला फिटर, वीजतंत्री, वेल्डर, ट्रॅक्टर मेकॅनिक असले धंदे शिकवतात. 'पोराला कॉलेजात घातले, आयटीआयला नाही' असे अभिमानाने सांगणारे बाप आमच्याकडे पुष्कळ आहेत. हा अभिमान त्यांनी सोडावा, असे आम्ही स्पष्ट सांगतो. कागदापुरती पदवी घेऊन तीन वर्षांनी फाटकावर उभे राहण्यापेक्षा मोटार बांधता येणे बरे. आणि त्यासाठी चाकणलाच गेले पाहिजे असेही नाही. राज्याने २०२४ पासून मागेल त्याला सौर पंप द्यायला घेतले आहेत. पंप शिवारात बसतात. बिघडला की दुरुस्तीला माणूस तालुक्याहून नाहीतर जिल्ह्याहून येतो, आणि तोपर्यंत पीक सुकते. पाच गावांत हे काम येणारी दोन पोरे असली तर ती उपाशी राहणार नाहीत.

सरकारने २०१५ पासून कौशल्य विकासाची योजना काढली. त्यात आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन दाखला द्यायचीही सोय केली. दाखले घ्यावेत, फुकट मिळत असतील तर जरूर घ्यावेत. मात्र चार दिवसांच्या वर्गाचा फोटो आणि भिंतीवरचा दाखला एवढ्याने रोज वाढत नाही. दाखला दाखवल्यावर दर बदलला तरच तो दाखला.

म्हणून या बैठकीपुढे आमच्या सूचना थोड्याच आहेत. आयोगाने भाव सी-३ वर काढावा, हा ठराव जिल्ह्याने करून दिल्लीला पाठवावा. फवारणी हे कुशल काम धरून त्याचा रोज वेगळा ठरवावा, आणि शिकवल्याशिवाय कोणाच्या पाठीवर पंप द्यायचा नाही, हे प्रत्येक गावाने आपल्यापुरते आजच ठरवावे. ओल मोजायचे यंत्र कोणती चार-पाच गावे मिळून घेणार, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नावे द्यावीत. आणि पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक वही आणावी. एका कोरडवाहू शेताची, एका हंगामाची. बियाण्याच्या पावतीपासून काट्याच्या पट्टीपर्यंत सगळे तारीखवार लिहिलेली, आणि त्यात घरच्या बाईच्या कामाचे दिवस वेगळ्या रकान्यात. अक्षर कसेही चालेल. आमची कांद्याची वही आम्ही सोबत आणली आहे, ती त्या टेबलावर ठेवली आहे. रकाने कसे पाडायचे ते पाहून घ्या.